गारपिटीचा क्लेम दर वेळी अडतो तो तारखेवर

"नुकसान जुनं आहे." आमच्या घराच्या विम्याच्या दोन क्लेमवर, चार वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या सर्व्हेअरनी, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेल्या माणसांनी, हाच शेरा मारला. पहिल्या वेळी मी नुसतीच चिडले. दुसऱ्या वेळी चिडून झाल्यावर दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या आणि पानन् पान वाचलं, तेव्हा कळलं की दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडली होती. गारा पडल्या हे कोणी नाकारत नव्हतं. छप्पर फुटलंय हेही कोणी नाकारत नव्हतं. त्या दिवशीच्या गारांनीच हे फुटलं, एवढं मात्र मला दाखवता आलं नव्हतं.

आग लागली तर काजळी राहते. पूर आला तर भिंतीवर पाण्याची रेघ राहते. गार तासाभरात विरघळून जाते आणि मागे उरतो तो तडा किंवा पोचा, ज्यावर तारीख लिहिलेली नसते. विमा तर सगळा तारखेचाच करार: या दिवसापासून त्या दिवसापर्यंत, अमुक एका घटनेत झालेलं नुकसान. म्हणून गारपिटीच्या क्लेममध्ये तुमचं खरं काम एकच, नुकसानाला तारीख चिकटवणं. तिसऱ्या वेळी आमचा क्लेम मंजूर झाला तो याच कामामुळे. ज्यांच्याकडे दर दोन-चार वर्षांनी गारा येतात आणि दर वेळी क्लेम लटकतो, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिला तास

गारा पडत असताना बाहेर जायचं नाही, फोटोसाठीही नाही. गारपिटीने सर्वाधिक माणसं दगावल्याची नोंद ३० एप्रिल १८८८ची आहे. उत्तर भारतात मुरादाबादजवळ त्या दिवशी २४६ माणसं गेली. २५ ते ४५ मिलिमीटरची गार साधारण ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने खाली येते, आणि ५० मिलिमीटरच्या पुढची गार त्याहून बरीच जोरात. खिडकीच्या काचेपासून आणि छताला लावलेल्या पारदर्शक पत्र्याखालूनही दूर राहा. घरात बसून करता येण्यासारखं एक काम आहे: मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, आवाज रेकॉर्ड होऊ द्या आणि मध्येच तारीख-वेळ मोठ्याने बोला.

थांबल्याबरोबर बाहेर या. सगळ्यात मोठ्या दिसणाऱ्या पाच-सहा गारा उचला. त्यातल्या दोन-तीन मोजपट्टीशेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढा, तिरका नको, कारण तिरक्या फोटोत माप फसतं. गार गोल नसली तर तिची सर्वांत लांब बाजू मोजा. मग सगळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरमध्ये ठेवा. पिशवीवर तारीख, वेळ आणि 'अंगण, पश्चिम बाजू' असं काहीतरी लिहा.

फ्रीजरवर पूर्ण भिस्त ठेवू नका. आजवर मोजलेली सर्वांत रुंद गार २३ जुलै २०१० रोजी अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी पडली. तिचा व्यास २० सेंटीमीटर आणि वजन जवळपास ८८० ग्रॅम भरलं. ज्याला ती सापडली त्याने ती लगेच फ्रीजरमध्ये ठेवली होती, पण वादळाने सहा तास वीज गेली, आणि माप घेईपर्यंत ती थोडी वितळली होती. विक्रमाची गारसुद्धा आधी मोजली असती तर मोठी भरली असती. म्हणून आधी मोजपट्टी आणि फोटो, मग फ्रीजर.

माप महत्त्वाचं का, तर गारेचा आकार आणि कोणत्या वस्तूचं काय होऊ शकतं याचा थेट संबंध असतो. अमेरिकेच्या हवामान खात्याने २०१० पासून 'तीव्र' गारपिटीची सीमा २५ मिलिमीटर धरली आहे, आधी ती १९ होती. वाटाण्याएवढ्या गारांनी पक्क्या छपराचं सहसा काही बिघडत नाही. अशा वेळी 'पत्र्याला भोकं पडली' म्हणालात तर सर्व्हेअर शंका घेणार, आणि ती रास्त असेल. उलट ४० मिलिमीटरची गार मोजपट्टीसकट फोटोत असेल, तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

झाडू हातात घ्यायच्या आधी

माझी पहिली चूक ही. त्या संध्याकाळी आम्ही घरच्यांनी मिळून अंगण लख्ख केलं. फुटकी कौलं पोत्यात भरून टाकली, पानांचा कचरा जाळला, खिडकीच्या काचा गोळा केल्या. सर्व्हेअर आठव्या दिवशी आला तेव्हा त्याला दाखवायला नवी कौलं आणि पुसलेली फरशी होती. त्याने विचारलं, "फुटलेले तुकडे कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुकडा इतका मोलाचा का, ते सांगते. ताज्या तुटलेल्या कौलाची कड हाताला टोचते आणि आतला रंग उजळ, एकसारखा असतो. जुन्या तड्यात धूळ बसलेली असते, शेवाळ्याची हिरवट-काळी रेघ असते, कडा बोथट झालेल्या असतात. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की न शिकलेल्या माणसालाही फरक दिसतो. म्हणून दहा-बारा तुकडे निवडून, प्रत्येकाची जागा लिहून, कोरड्या खोक्यात ठेवा. क्लेम पूर्ण मिटेपर्यंत ते टाकायचे नाहीत.

याहून नाजूक आणि याहून बोलका पुरावा असतो तो गारेच्या डागांचा. उघड्यावरच्या पत्र्यावर, पाइपावर, एसीच्या बाहेरच्या डब्यावर, लाकडी कुंपणावर काळाने एक पातळ थर चढलेला असतो: धूळ, शेवाळ, धातूची राखाडी झाक. गार आपटली की तो थर तेवढ्या जागी उडतो आणि खालचा स्वच्छ पृष्ठभाग गोल ठिपक्यासारखा चमकतो. हे ठिपके ऊन-पावसाने हळूहळू पुन्हा मळतात. म्हणजे ते दिसत असतील तर गारपीट अलीकडची. तड्यावर जी तारीख नसते ती या ठिपक्यांवर असते. पण पाण्याचा पाइप घेऊन घर धुतलंत तर ती कायमची गेली.

दुसऱ्या क्लेमच्या वेळी हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या वेळी विजेच्या मीटरच्या लोखंडी पेटीवर असे सतरा ठिपके मोजले, पेटीच्या फक्त पश्चिमेकडच्या बाजूला. पूर्वेची बाजू कोरी. वादळ त्या दिवशी पश्चिमेकडून आलं होतं, ते हवामान खात्याच्या नोंदीतही होतं. एका लोखंडी पेटीने आमची बाजू जितकी भक्कम केली तितकी माझ्या चार पानी अर्जाने केली नसती.

कुठे आणि कसं पाहायचं

सुरुवात जमिनीवरून करा. ओल्या छपरावर चढू नका; सिमेंटचा पत्रा तर गारांनी आतून तडकलेला असतो आणि पाय ठेवताच खाली जातो. बहुतेक गोष्टी खालून, शिडीच्या टोकावरून किंवा मोबाइलचा झूम वापरून दिसतात. वर जायची गरजच पडली तर सवयीचा माणूस बोलवा.

मऊ धातू आधी तपासा. पन्हळी, धुराड्याची टोपी, एसीच्या मागच्या पातळ पट्ट्या, ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट. गार सगळ्यात आधी इथे खूण सोडते. पोचे उन्हात दिसत नाहीत. संध्याकाळनंतर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका, प्रत्येक पोच्याची सावली उठते. दुसरी युक्ती खडूची: खडूची लांब बाजू पत्र्यावर हलकेच फिरवली की सपाट भागावर रंग लागतो आणि खोलगट जागा कोरी राहते. फोटो आधी खडूशिवाय, मग खडू लावून, असे दोन्ही काढा, म्हणजे खडूनेच खूण केली असं कोणी म्हणणार नाही.

खुणांची मांडणीही बघा. गारेच्या खुणा अस्ताव्यस्त असतात, लहान-मोठ्या असतात, आणि वाऱ्याच्या बाजूला दाट असतात. एका रेषेत, एकाच मापाच्या, घराच्या चारी बाजूंना सारख्या पडलेल्या खुणा गारेच्या नसतात, आणि अनुभवी सर्व्हेअर ते ओळखतो.

आता प्रत्येक साहित्याचं थोडक्यात. कौल सहसा मोकळ्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात फुटतं, कारण तिथे त्याला खालून आधार नसतो. सिमेंटच्या पत्र्यावर वरून फार काही दिसत नाही. माळ्यावर जाऊन खालच्या अंगाने पाहा, एका बिंदूतून फुटलेल्या चांदणीसारख्या भेगा दिसतील. हे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच वागा. तुकडे कोरडे झाडू नका, तोडू नका. पाणी शिंपडून ओले करा, चांगला मास्क घाला, जाड पिशवीत बांधून वेगळे ठेवा. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात जाऊन राहतात, आणि त्यापुढे क्लेमची किंमत शून्य आहे. लोखंडी पत्र्याला भोक क्वचितच पडतं. खरा धोका सांध्याजवळच्या आणि स्क्रूजवळच्या पोच्यांचा: तिथे रबरी वॉशर हलतो, रंगाचा किंवा झिंकचा थर तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे उन्हाने वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातात, म्हणून त्याच मापाच्या गारेने नवा पत्रा टिकतो आणि दहा वर्षांचा फुटतो.

सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबला गारेचा मार सहसा बाधत नाही, पण वॉटरप्रूफिंगचा थर ठिकठिकाणी चेचला जातो. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: गारा आणि पानं मिळून पाणी जायची तोंडं बुजवतात, गच्चीवर तळं साचतं आणि पाणी दाराच्या उंबऱ्यावरून किंवा भिंतीच्या सांध्यातून आत येतं. अशा वेळी छत फुटलेलं नसतानाही घर भिजतं. काही पॉलिसींमध्ये 'गारेने छत उघडं पडलं आणि त्यातून पाणी आलं' आणि 'तुंबलेलं पाणी आत शिरलं' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. त्या बुजलेल्या तोंडाचा, त्यात अडकलेल्या गारांसकट, फोटो हवाच.

सोलर पॅनलबद्दल मोठा गैरसमज आहे की काच शाबूत म्हणजे पॅनल शाबूत. पॅनलच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या चाचणीत साधारणपणे २५ मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास, काचेवर मारतात. त्याहून मोठी गार आली तर काच टिकूनही आतल्या सेलना केसासारख्या भेगा जातात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. गारपिटीच्या आधीच्या आणि नंतरच्या, सारख्या उन्हाच्या दिवसांचे वीजनिर्मितीचे आकडे इन्व्हर्टरमधून उतरवून घ्या, आणि घट दिसली तर थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून अहवाल घ्या. काच फुटली असेल तर पॅनलला हात लावू नका, ऊन असेपर्यंत त्यात वीज तयार होत असते. सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांचं सोपं असतं: नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी लेप असतो, नळीतली निर्वात पोकळी गेली, म्हणजे आत हवा शिरली, की तो पांढरा पडतो. वरून नळी अखंड दिसली तरी पांढरं टोक म्हणजे नळी गेली.

ताडपत्री घाला, पण दुरुस्ती थांबवा

इथे माणूस कात्रीत सापडतो. पुढचा पाऊस डोक्यावर असतो, आणि विम्याचे लोक म्हणतात पाहणीपर्यंत काही हलवू नका. नियम तसा सरळ आहे. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारी असते, म्हणून तात्पुरती झाकपाक लगेच करायची. कायमची दुरुस्ती पाहणी झाल्यावर, किंवा कंपनीने लेखी परवानगी दिल्यावर. तात्पुरत्या कामाच्या पावत्या क्लेममध्ये लावता येतात, त्या जपा.

ताडपत्री घालताना फक्त भोकावर तुकडा टाकला तर पाणी वरच्या कडेने आत शिरतं. ताडपत्री आढ्याच्या पलीकडे नेऊन, पलीकडच्या उतारावर दाबून बांधायची, आणि कडा लाकडी पट्टीत गुंडाळून पट्टीसकट खिळायच्या. नुसते दगड ठेवले तर पहिल्याच वाऱ्याला ती उडते आणि तेच दगड उरलेली कौलं फोडतात.

घरात पाणी आलं असेल तर त्या भागाची वीज आधी बंद करा. फॉल्स सीलिंग फुगून खाली आलं असेल तर त्याखाली उभं राहू नका. भिजलेल्या गाद्या, कपाटं, पुस्तकं यांचे फोटो काढून ती लगेच वाळायला टाका. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते, आणि बुरशीवरून 'नीट काळजी घेतली नाही' असा वेगळाच आक्षेप येतो.

पॉलिसी वाचताना या चार जागी थांबा

पॉलिसी पूर्ण वाचावी, पण दमलेल्या माणसाला मी चार जागा सांगेन.

पहिली, 'गारपीट' हा शब्द थेट लिहिलाय की 'वादळ' या मोठ्या शब्दाखाली येतो, आणि कुंपण, शेड, सोलर, अंगणातल्या वस्तू आत आहेत की बाहेर.

दुसरी, वजावट, जिला डिडक्टिबल म्हणतात, म्हणजे नुकसानाचा जो पहिला भाग तुम्हीच सोसायचा तो. ती ठरावीक रकमेची असेल तर ठीक. टक्क्यांत असेल तर टक्के कशाचे ते बघा. बऱ्याचदा ते नुकसानाचे नसून विमा रकमेचे असतात. १०० भागांचा विमा आणि २ टक्के वजावट असेल, तर नुकसानाचे पहिले २ भाग तुमच्या खिशातून. नुकसान ३ भागांचं असेल तर हाती १ येणार. हा हिशेब क्लेम टाकायच्या आधी करा, कारण नुकसान वजावटीहून कमी असेल तर क्लेम टाकून उपयोग नाही आणि काही ठिकाणी तो नोंदीत मात्र राहतो.

तिसरी, भरपाई नव्याच्या किमतीची की घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, वजा करून. घसारा धरला तर पंधरा वर्षांच्या पत्र्याला नव्या पत्र्याच्या किमतीचा थोडाच वाटा मिळतो. नव्याच्या किमतीची पॉलिसी असली तरी काही कंपन्या आधी घसारा वजा जाता रक्कम देतात आणि उरलेली दुरुस्तीची बिलं दाखवल्यावर. त्या दुसऱ्या हप्त्याला मुदत असते. ती उलटून गेल्यामुळे हक्काचे पैसे सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

चौथी जागा सगळ्यांत कडू. घर पुन्हा बांधायला १०० भाग लागतात आणि तुम्ही प्रीमियम वाचवायला ६० भागांचाच विमा उतरवला, तर अनेक पॉलिसींत नुकसानही त्याच प्रमाणात मिळतं. २० भागांचं नुकसान झालं तर १२. ही कापाकापी सर्व्हेअरच्या मनाने होत नाही, करारातच लिहिलेली असते, आणि गारपीट झाल्यावर त्यावर काही इलाज नाही. बांधकामाचे दर वाढले की विमा रक्कम वाढवायची, एवढाच उपाय.

याशिवाय 'केवळ दिसण्यापुरतं नुकसान' वगळणारं कलम आहे का तेही बघा. लोखंडी छपराच्या पॉलिसींत ते हल्ली सर्रास दिसतं: पोचे पडले पण पाणी गळत नाही, तर भरपाई नाही. असं कलम असेल तर तुमचा सगळा जोर तडकलेल्या थरावर, उघडलेल्या सांध्यावर, हललेल्या स्क्रूवर हवा. पोच्यांचे शंभर फोटो तिथे कामाचे नाहीत.

कळवणं आणि पाहणी

शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कळवा. फोनवर सांगितलं असलं तरी पाठोपाठ ईमेल किंवा अर्ज द्या आणि क्लेम नंबर लिहून घ्या. नुकसानाची तारीख आणि वेळ नेमकी लिहा. 'गेल्या आठवड्यात' किंवा 'या हंगामातल्या गारपिटीत' असं लिहिलंत की जुन्या नुकसानाची शंका तुम्हीच पेरली. सुरुवातीच्या अर्जात रकमेचा अंदाज ठामपणे लिहू नका. 'तपासणीनंतर कळवू' असं लिहिलं तरी चालतं. दोन कारागिरांचे अंदाजपत्रक घ्या, आणि त्यात नुसतं 'छप्पर दुरुस्ती' असं मोघम नको. किती चौरस फूट, कोणतं साहित्य, मजुरी किती, जुनं उतरवून नेण्याचा खर्च किती, असं सुटं सुटं हवं.

सर्व्हेअर येईल तेव्हा घरी राहा आणि त्याच्याबरोबर फिरा. आधी बाहेरच्या धातूवरच्या खुणा दाखवा, मग छप्पर, मग आतली गळती. वरची खूण आणि खालची ओल एकाच सरळ रेषेत आहे हे दाखवता आलं तर उत्तम. अनेक ठिकाणी सर्व्हेअर छपराच्या प्रत्येक उतारावर दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखतात आणि त्यातल्या खुणा मोजतात. तो कोणत्या जागी आखतायत ते बघा. सगळ्यात कमी मार बसलेल्या बाजूला एकच चौकोन आखून काम उरकलं जात असेल तर नम्रपणे दुसऱ्या उतारावरही आखायला सांगा.

"हा तडा कधीचा?" असं विचारलं आणि तुम्हाला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. दुसऱ्या क्लेमच्या वेळी मी घाईत म्हणाले होते, "असेल आधीचा, पण आता वाढलाय." ते वाक्य अहवालात जसंच्या तसं आलं, पहिला अर्धा भाग. एक तडा जुना असेल तर तो जुना आहे असं आपणच आधी सांगावं आणि क्लेममधून वगळावा. बाकीच्या नव्व्याण्णवांवर विश्वास बसतो.

गारपिटीनंतर दारोदार फिरणारी माणसं येतात. 'फुकट तपासणी करतो, वजावटीचे पैसेही तुम्हाला भरावे लागणार नाहीत, फक्त इथे सही करा.' सही करू नका. वजावट भरायची नाही याचा अर्थ कुठेतरी बिल फुगवलं जाणार, आणि त्या खोट्या बिलावर नाव तुमचं असेल. काही कागदांत क्लेमचा सगळा हक्कच त्या कंत्राटदाराकडे जातो. आणि त्यांना एकट्याने छपरावर पाठवू नका. हातोडीने मारलेले पोचे क्लेममध्ये सापडले तर खरं नुकसानही बुडतं.

नाकारला तर

आधी नकार लेखी घ्या, कोणत्या कलमाखाली ते नमूद करून. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. आमच्या दोन्ही वेळी फोनवरचं कारण आणि कागदावरचं कारण वेगळं निघालं.

'जुनं आहे' असा शेरा असेल तर उत्तर तारखेनेच द्यायचं. हवामान खात्याची त्या दिवसाची नोंद, त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, शेजाऱ्यांच्या घरांचे त्याच दिवशीचे फोटो, ठिपक्यांचे फोटो, ताजे तुकडे, आणि गारपिटीच्या आधीचा तुमच्या घराचा एखादा फोटो. हा शेवटचा नसेल तर शोधा. घरच्या समारंभाच्या फोटोंत मागे छप्पर असतं, कोणीतरी सायकलवर बसलेल्या मुलाचा फोटो काढलेला असतो आणि मागे खिडकीची काच अखंड दिसते. उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांतही छत दिसतं, पण त्यात तडे दिसत नाहीत, फार तर ताडपत्री नव्हती एवढं सिद्ध होतं.

'झीज झालेली आहे' असा शेरा असेल तर ते अर्धं खरं असू शकतं. छप्पर जुनं असणं आणि गारेने फुटणं या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. जुनेपणासाठी घसारा कापा म्हणावं, पण नुसता जुनेपणा हे नकाराचं कारण होत नाही, जोवर पॉलिसीत तसं लिहिलेलं नाही. इथे स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल उपयोगी पडतो. तो कारण आणि परिणाम वेगळे करून लिहितो: झीज सगळीकडे सारखी असते, गारेचा मार एका बाजूला दाट असतो.

त्यानंतर कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा तुमच्या देशात त्या जागी जी यंत्रणा असेल ती, मग कोर्ट. प्रत्येक पायरीला मुदत असते, नकाराचं पत्र आलं त्या दिवशीच ती शोधून लिहून ठेवा. आणि रक्कम कमी वाटत असेल तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नका. पैशांची निकड असेल तर सही करताना 'आक्षेप राखून' असं लिहा आणि त्याच दिवशी पत्र पाठवा.

पुन्हा पुन्हा तेच का होतं

सगळ्यात जास्त क्लेम बिघडतात ते इथे. पहिल्या क्लेमचे पैसे आले, घरात दुसरा खर्च निघाला, छप्पर अर्धंच दुरुस्त झालं. दोन वर्षांनी पुन्हा गारा. आता कंपनीच्या फायलीत लिहिलेलं आहे की पश्चिमेच्या उताराचे पैसे दिले आहेत. तुम्ही पुन्हा पश्चिमेचा उतार मागताय. कंपनी विचारणार, मागच्या वेळचं काम केलंत का? बिल नसेल तर ती त्या भागाचे पैसे दुसऱ्यांदा देणार नाही. आमचा दुसरा क्लेमही बिल नसल्यामुळेच गेला. दुरुस्ती आम्ही केली होती, पण कारागिराला रोख दिले आणि बिल घेतलं नाही. काम झालं होतं हे छप्पर सांगत होतं, कागद सांगत नव्हता.

म्हणून दुरुस्ती संपते त्या दिवशी फाइल बंद करायची ती अशी: त्याच जागांचे, त्याच कोनांतून, दुरुस्तीनंतरचे फोटो; तपशीलवार बिल आणि पैसे दिल्याची बँकेची नोंद; आणि कंपनीला एक छोटा ईमेल, 'क्लेम क्रमांक अमुक, दुरुस्ती अमुक तारखेला पूर्ण, फोटो आणि बिल सोबत.' उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. पुढच्या गारपिटीच्या आधीची तुमची तारीख आता त्यांच्याच इनबॉक्समध्ये आहे.

गळती मात्र दुरुस्तीनंतरही त्याच जागी येत असेल तर पुन्हा सीलंट थापू नका. गळती दिसते ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा सहसा एक नसते. पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाने किंवा वाशावरून घरंगळत चार-सहा फूट लांब येऊन टपकतं. एकाने माळ्यावर टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर वर पाइपाने पाणी सोडायचं, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं. पाणी जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे गारेने हललेला वॉशर किंवा उचकलेला सांधा असतो. आमच्याकडे तो आढ्याजवळच्या एका स्क्रूचा निघाला, गळती होती तिथून तीन हात वर.

छप्पर बदलायचंच असेल तर माराला टिकणारं साहित्य मागा आणि त्याचा दर्जा कागदावर घ्या. अमेरिकेतल्या यूएल २२१८ या चाचणीत सर्वांत वरचा चौथा वर्ग मिळायला दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा पाडतात, आणि साहित्याला तडा जाता कामा नये. स्वित्झर्लंडमध्ये १ ते ५ असा आकडा देतात, आकडा म्हणजे किती सेंटीमीटरची गार झेलेल. काही विमा कंपन्या अशा छपराला प्रीमियममध्ये सूट देतात, पण सूट घेताना 'केवळ दिसण्यापुरतं नुकसान वगळलं' हे कलम सोबत आलंय का, ते विचारा.

आणि दर वर्षी गारांचा मोसम सुरू व्हायच्या आधी घराभोवती एक फेरी. आम्ही आता ठरलेल्या अठरा जागांवरून अठरा फोटो काढतो: चारी भिंती, प्रत्येक उतार, प्रत्येक खिडकी, पन्हळी, एसी, मीटरची पेटी, माळ्याच्या आतून तीन. वीस मिनिटं लागतात. फोटो मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही, ते स्वतःलाच ईमेल करते, म्हणजे पाठवल्याची तारीख आपोआप बसते. तिसऱ्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने पश्चिमेच्या उतारावर बोट ठेवून विचारलं, "हे आधीचं नाही कशावरून?" मी अकरा दिवसांपूर्वीचा ईमेल उघडून फोन त्याच्या हातात दिला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर छपराकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि वहीत तारीख लिहून घेतली.